परदेशात अणुभट्टीची आणीबाणी आली, तर थांबायचं की घरी परतायचं?

नवऱ्याची बदली क्योटोला, पदरात दीड वर्षाचं बाळ, आणि सासरचे म्हणतात तिकडे अणुभट्ट्या आहेत, जाऊ नका. तशी वेळ आलीच तर थांबायचं की निघायचं, हे कशावरून ठरवू, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकची. मार्च २०११ मध्ये नवरा आणि तान्ह्या मुलीसोबत टोकियोत निशीकसाईला राहत होते, म्हणून लिहिते.

ताई, दोनच गोष्टी बघा: प्रकल्पापासूनचं अंतर आणि घरातलं सगळ्यात लहान माणूस. आणि निघायचं ठरलं तर आधी त्याच देशात लांब जा. थेट भारताचं विमान हा त्यानंतरचा पर्याय.

११ मार्चला भूकंप झाला, त्सुनामीनं फुकुशिमा दाइइची या अणुप्रकल्पाची वीज घालवली आणि अणुभट्ट्या थंड ठेवणारे पंप बंद पडले. पुढच्या चार दिवसांत तिथे हायड्रोजनचे स्फोट झाले. इकडे पंचवटीतल्या घरी टीव्हीवर दिवसभर तोच धूर. सासूबाईंना वाटलं अणुबॉम्बच फुटला. 'आत्ताच्या आत्ता निघा' म्हणून फोनवर रडायच्या. त्यांची तगमग समजत होती, पण आम्ही प्रकल्पापासून सव्वादोनशे किलोमीटरवर होतो, नाशिकहून पुणं जेवढं आहे त्याहून लांब. १५ मार्चला वारा टोकियोकडे वळला, तेव्हा तिथला किरणोत्सर्ग थोडा वेळ ताशी ०.८ मायक्रोसिव्हर्टच्या (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप) आसपास गेला. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, हे खरं. पण घरी यायला ज्या विमानात बसलो असतो, त्यात त्या उंचीवर तासाला याच्या काही पट मिळतो.

सरकारांचंही एकमत नव्हतं. जपाननं २० किलोमीटरच्या आतली वस्ती हलवली, अमेरिकेनं आपल्या लोकांना ८० किलोमीटरच्या बाहेर जायला सांगितलं. फ्रान्सनं आपल्या नागरिकांना टोकियो सोडायला सांगितलं, तर ब्रिटनचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार जॉन बेडिंग्टन म्हणाले, तब्येतीच्या कारणानं टोकियो सोडायची गरज नाही. कोणाचं ऐकायचं हे त्या गोंधळात ठरत नाही. ते आज, शांतपणे ठरवून ठेवा.

आमचं असं ठरलं की नवरा कामावर थांबेल आणि मी मुलीला घेऊन ओसाकाला मैत्रिणीकडे जाईन. कारण अणुभट्टीतून बाहेर पडणारं किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ थायरॉइडमध्ये साठतं आणि त्याचा धोका लहान मुलांना सर्वात जास्त. परत यायच्या बेतात होतो, तोच २३ मार्चला बातमी आली: टोकियोच्या एका जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात किलोमागे २१० बेकरेल आयोडीन सापडलं. तेव्हाची मर्यादा मोठ्यांना ३००, तान्ह्या बाळांना १००. नवरा तेच पाणी पीत होता आणि ते त्याला चालणारं होतं. माझ्या मुलीच्या दुधात ते घालता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी आकडा ७९ वर आला. हे आयोडीन दर ८ दिवसांनी निम्मं होतं, म्हणून सुरुवातीचे काही आठवडेच बाळाला लांब ठेवायचे असतात. टोकियोतून मुक्काम कायमचा हलवायची गरज पडली नाही.

आता तुमचं क्योटो. फुकुईच्या किनाऱ्यावरचे ओई आणि ताकाहामा हे प्रकल्प तिथून साठेक किलोमीटरवर आहेत, आणि हिवाळ्यात वारा बहुतेक वायव्येकडून, म्हणजे क्योटोच्याच बाजूला वाहतो. तुमच्या जागी मी असते तर अणुभट्टी थंड होत नाही हे कळताच बाळाला घेऊन शिनकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, हिरोशिमा गाठलं असतं. मात्र 'घरातच थांबा' असा आदेश आला, तर दारं-खिडक्या लावून घरातच थांबा. फुकुशिमाजवळच्या रुग्णालयांतून आजारी म्हातारी माणसं घाईनं हलवली गेली आणि त्या हलवण्यानंच कितीतरी जण दगावले.

आयोडीनच्या गोळ्या (त्यातलं साधं आयोडीन थायरॉइड आधीच भरून टाकतं, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनला जागा उरत नाही) सरकार सांगेल तेव्हाच घ्या. तेव्हा काही लोक आयोडीन असलेलं गुळण्यांचं औषध प्यायला निघाले होते, तसलं काही करू नका. कागदपत्रांचं एक आता सोपं झालंय. २०११ मध्ये रीएंट्री परमिटसाठी, म्हणजे जपानमध्ये परत यायच्या परवान्यासाठी, टोकियोतल्या शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसबाहेर रांगा लागल्या होत्या, ते न घेता निघालेल्यांचा व्हिसाच जायचा. २०१२ पासून रेसिडेन्स कार्ड (तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांचं ओळखपत्र) असेल आणि वर्षाच्या आत परतणार असाल, तर विमानतळावरच्या फॉर्मवर एका चौकटीत खूण केली की झालं. बाळाचा पासपोर्टही तुमच्याच पर्समध्ये ठेवा.

आणि सासरच्यांना तारापूरची आठवण करून द्या. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, फुकुशिमासारख्याच उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या, आणि नाशिकपासून सरळ रेषेत शे-सव्वाशे किलोमीटरवर. त्यांच्याशी भांडायला हे सांगू नका, ते खरंच घाबरलेत. रोज ठरलेल्या वेळी फोन करा आणि त्या दिवशीचा तुमच्या शहरातल्या किरणोत्सर्गाचा आकडा सांगा. सासूबाईंना मी तसं सांगायला लागले, तेव्हा त्या वहीत तारीख घालून लिहून ठेवायला लागल्या आणि रडणं थांबलं.