मत कुठे मिळेल, आणि कधी

‘दादा, इंग्लंडचं लेस्टर आणि नेदरलँड्सचं उट्रेख्त, दोन्हीकडून नोकरीची ऑफर आहे, पगार सारखाच. तिकडची सरकारं कशी चालतात? आपल्याला कोणी विचारतं का?’ इंदूरच्या रामबागेतून निघणारा माणूस आधी घरभाडं विचारतो, म्हणून तुझं कौतुक वाटलं. (भाडं दोन्हीकडे भयंकरच आहे.)

इंग्लंडची पद्धत तुला पाठ आहे: मतदारसंघ, ज्याला जास्त मतं तो खासदार. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे राहण्याचा परवाना हातात आला की आपल्या पासपोर्टवरही मतदार यादीत नाव घालता येतं, थेट संसदेसाठी. माझी मावसबहीण गेली त्याच वर्षी मत देऊन आली. गाऱ्हाणं असलं तर खासदाराला गाठता येतं. पण २०२४ मध्ये मजूर पक्षाने जेमतेम ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा नेल्या. बाकीच्यांची बरीच मतं गेली पाण्यात.

इथे नेदरलँड्समध्ये मतदारसंघच नाहीत. सगळा देश एक, १५० जागा मतांच्या प्रमाणात. २०२३ मध्ये १५ पक्ष निवडून आले! मग वाटाघाटी. २०२१च्या निवडणुकीनंतर सरकार बसायला २९९ दिवस लागले. मी तर धसकाच घेतला होता. पण जुनं मंत्रिमंडळ काळजीवाहू म्हणून काम बघत राहिलं आणि माझा परवाना वेळेवर वाढवून आला. मात्र ‘आपला खासदार’ असा कोणी नाही. ‘भिया, पार्षदाला फोन लाव’ ही इंदूरची नगरसेवक गाठायची सोय विसर. महापौरही निवडून येत नाही, राजाच्या सहीने नेमतात. इंदूरच्या माणसाला हे पचत नाही.

संसदेचं मत फक्त नागरिकांना. आपल्याला पाच वर्षं राहिल्यावर नगरपालिकेचं. पाणी-मंडळाचं मात्र राहण्याचा परवाना असला की. हो, बंधारे, कालवे, सांडपाणी बघणारी २१ मंडळं आहेत, त्यांचीही निवडणूक होते. नर्मदाकाठच्या जलूदहून नदीचं पाणी वर चढवून आणणाऱ्या आपल्या गावात हे कोणाला सुचलं नाही! मी २०१६ला आलो, पहिलं मत २०२२ला, नगरपालिकेचं. हातात चादरीएवढी मतपत्रिका आणि तांबडी पेन्सिल. एका नावापुढचा गोल रंगवायचा. माझी घडी दोनदा चुकली. शेवटी पेटीजवळच्या आजीबाईंनी ती पट्टीने आत ढकलली.

दोन-तीन वर्षांत परतायचं असेल तर लेस्टर घे. मुळं धरायची असतील तर इकडे ये, पण डचचा क्लास इंदूरातच लाव. पाणी-मंडळाची पत्रं डचमध्ये येतात.