वाचकांचे प्रश्न : कॅस्टाइलची राणी इसाबेला

मागील अंकात 1492 या सालातील जागतिक घडामोडींवर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यात ग्रानाडा या मुसलमानी राज्याचा पाडाव, कोलंबसची सफर आणि स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी या तिन्ही गोष्टी ज्या राणीच्या राज्यात घडल्या, त्या इसाबेलाचा उल्लेख अवघ्या दोन ओळींत आटोपला होता. तेवढ्यावर वाचकांचे समाधान झाले नाही, हे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांवरून दिसते. सारखे प्रश्न एकत्र करून या वेळचा सर्व स्तंभ त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : इसाबेला ही फर्डिनांड राजाची पत्नी म्हणून राणी झाली, की तिचा गादीवर स्वतःचा हक्क होता? आम्हा सातारकरांना महाराणी ताराबाईंचे उदाहरण जवळचे आहे. त्यांच्याशी तिची तुलना करता येईल काय? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : कॅस्टाइलची, म्हणजे आजच्या स्पेनमधील एका राज्याची, गादी इसाबेलाची स्वतःची होती, आणि ती तिने सहजासहजी मिळवली नाही. तिचा जन्म 22 एप्रिल 1451 रोजी माद्रिगाल या गावी झाला. वडील राजा दुसरा हुआन वारल्यावर तिचा सावत्र भाऊ चौथा एन्रिके गादीवर आला आणि इसाबेलाचे बालपण मनोरुग्ण झालेल्या आईजवळ, दरबारापासून दूर, आरेवालो येथे गेले. एन्रिकेला 1462 मध्ये हुआना नावाची मुलगी झाली; परंतु ती राजाची नसून बेल्त्रान दे ला क्वेवा या दरबाऱ्याची असल्याची कुजबुज त्याच्या विरोधी सरदारांनी सुरू केली. इसाबेलाचा सख्खा भाऊ आल्फोन्सो 1468 मध्ये वारला, तेव्हा त्याच सरदारांनी तिला राणी म्हणून घोषित होण्याचा आग्रह केला. तिने तो नाकारला. एन्रिके जिवंत असेपर्यंत आपण राणी म्हणवून घेणार नाही, मात्र वारस म्हणून आपल्याला मान्यता मिळावी, अशी भूमिका घेतली आणि त्याच वर्षी एन्रिकेकडून ती मान्यता मिळवली. सतरा वर्षांच्या मुलीची ही समज मला तिच्या पुढच्या अनेक विजयांपेक्षा मोठी वाटते.

राजाच्या संमतीशिवाय लग्न करायचे नाही, ही त्या कराराची अट मात्र तिने मोडली. अ‍ॅरगॉनचा (कॅस्टाइलशेजारच्या राज्याचा) युवराज फर्डिनांड व्यापाऱ्यांच्या नोकराचा वेष घेऊन कॅस्टाइलमध्ये आला आणि 19 ऑक्टोबर 1469 रोजी वायादोलिद येथे दोघांचे लग्न झाले. ती नात्याने जवळची असल्यामुळे पोपची परवानगी लागत होती. लग्नाच्या वेळी दाखवलेला परवाना बनावट होता आणि खरा परवाना 1471 मध्ये आला. एन्रिकेने रागावून वारसाहक्क पुन्हा हुआनाला दिला.

डिसेंबर 1474 मध्ये एन्रिके वारला, तेव्हा इसाबेला सेगोव्हियात होती आणि फर्डिनांड दूर सारागोसात. त्याची वाट न पाहता 13 डिसेंबरला तिने स्वतःला राणी घोषित करवून घेतले. मिरवणुकीत तिच्यापुढे एक सरदार नंगी तलवार उभी धरून चालत होता. तलवार हे न्यायदानाच्या अधिकाराचे चिन्ह होते आणि आजवर ते राजांपुढे मिरवले जाई. राणीपुढे तलवार चालल्याचे ऐकून खुद्द फर्डिनांडला आश्चर्य वाटले. पुढच्याच महिन्यात पतिपत्नींमध्ये रीतसर करार झाला. हुकूम आणि नाणी दोघांच्या नावांनी निघावीत, त्यांत फर्डिनांडचे नाव आधी असावे, पण कॅस्टाइलचे राजचिन्ह अ‍ॅरगॉनच्या आधी यावे. कॅस्टाइलमधील किल्ल्यांवरच्या नेमणुका आणि महसूल मात्र राणीच्या मर्जीने चालावा, असे ठरले. नावाचा मान पतीला देऊन किल्ले आणि खजिना तिने आपल्या हाती ठेवला.

ताराबाईंशी साम्य याच ठिकाणी आहे. मार्च 1700 मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि पुढच्याच महिन्यात साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला. अशा वेळी ताराबाईंनी कारभार हाती घेऊन सात वर्षे मोगलांशी झुंज दिली. पण ती मुलाच्या, दुसऱ्या शिवाजीच्या नावाने. कॅस्टाइलच्या कायद्यात मुलगा नसल्यास मुलीला गादी मिळू शकत असे. इसाबेलाला त्याचा आधार होता, ताराबाईंना तसा आधार नव्हता. दुसरे साम्य असे, की दोन्हीकडे वारसाच्या जन्माविषयी किंवा ओळखीविषयी शंका हे राजकारणाचे हत्यार बनले. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले शाहू महाराज तोतया आहेत असे ताराबाईंच्या पक्षाने म्हटले. इसाबेलाच्या पक्षाने हुआनाला औरस मानण्यास नकार दिला. ताराबाईंचा पक्ष साताऱ्याच्या गादीपुरता हरला. इसाबेलाचा पक्ष जिंकला, म्हणून हुआनावरचा संशय पाठ्यपुस्तकांत शिरला. पोर्तुगालचा राजा पाचवा आफोन्सो हुआनाच्या बाजूने युद्धात उतरला होता. ते 1479 च्या तहाने संपले आणि हुआना पोर्तुगालमध्ये मठात गेली. 1530 मध्ये मरेपर्यंत ती आपली सही ‘मी, राणी’ अशीच करीत असे.

प्रश्न : तिला सामर्थ्यशाली राणी म्हणतात ते युद्धांमुळे, की कारभारामुळे? (वाचक, वाई)

उत्तर : आधी कारभारामुळे. एन्रिकेच्या काळात सरदारांनी राजाच्या जमिनी आणि उत्पन्ने बळकावली होती, रस्त्यांवर लूटमार चालत असे. 1476 मध्ये तिने शहरांच्या खर्चाने चालणारे ‘सांता एर्मान्दाद’ नावाचे सशस्त्र दल उभे केले, ज्याला वाटमारी करणाऱ्यांना जागेवर शिक्षा देण्याचा अधिकार होता. 1480 मध्ये तोलेदो येथील सभेत सरदारांना दिलेली बरीच उत्पन्ने परत घेण्यात आली आणि राजमंडळात सरदारांऐवजी कायद्याचे शिक्षण घेतलेल्यांचे बहुमत झाले. 1477 मध्ये ती सेव्हिलला गेली, तेव्हा दर शुक्रवारी राजवाड्यात उंच आसनावर बसून कोणाचीही फिर्याद स्वतः ऐकत असे. तिच्या निवाड्यांची दहशत अशी बसली की हजारो लोक शहर सोडून पळाले आणि अखेर शहरातील धर्माधिकाऱ्यांनी रदबदली केल्यावर तिने सर्वसाधारण माफी जाहीर केली. वयात आल्यावर, राज्य चालवता चालवता, ती लॅटिन शिकली, ही गोष्टही मला येथे नोंदवावीशी वाटते.

प्रश्न : कोलंबसच्या सफरीसाठी राणीने दागिने गहाण टाकले, असे आम्ही शाळेत मुलांना सांगत आलो. ते खरे आहे काय? (शिक्षिका, कराड)

उत्तर : नाही. तिचे मौल्यवान दागिने ग्रानाडाच्या युद्धाच्या खर्चासाठी आधीच गहाण पडलेले होते. कोलंबससाठी पैसा उभा केला तो फर्डिनांडच्या सेवेतील लुइस दे सान्तांखेल या वित्ताधिकाऱ्याने. त्याने 11 लाख 40 हजार मारावेदींची (त्या काळच्या स्पॅनिश नाण्यांची) सोय केली. पालोस या बंदराच्या गावाला पूर्वीच्या अपराधाबद्दल शिक्षा झाली होती, त्यापोटी त्या गावाने दोन जहाजे द्यावीत असा हुकूम निघाला. सान्तांखेलचे घराणे मूळचे ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेले होते, ही गोष्टही मुलांना अवश्य सांगावी. त्याच वर्षी ज्यूंचे काय झाले ते पुढच्या उत्तरात येईलच.

प्रश्न : एवढ्या कर्तबगार राणीवर धर्मांधतेचा ठपका ठेवणे अन्यायाचे नाही काय? पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या मापाने का मोजावे? (द्राक्ष बागायतदार, तासगाव)

उत्तर : प्रश्न रास्त आहे, म्हणून आजचे माप बाजूला ठेवून तिच्याच सहीचे माप लावू. 25 नोव्हेंबर 1491 रोजी ग्रानाडाच्या शरणागतीचा करार झाला. त्यात मुसलमानांना त्यांचा धर्म, मशिदी, कायदा आणि मालमत्ता राखण्याचे वचन राजा आणि राणी या दोघांनी दिले. 2 जानेवारी 1492 रोजी ग्रानाडा ताब्यात आले. सुरुवातीची काही वर्षे वचन पाळले गेले. 1499 पासून आर्चबिशप सिस्नेरोस याने सक्तीच्या बाप्तिस्म्याला सुरुवात केली, त्यातून बंडे झाली, आणि बंडामुळे करार रद्द झाला असे ठरवून 1502 मध्ये कॅस्टाइलमधील मुसलमानांपुढे धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच दोन पर्याय ठेवण्यात आले. हे सर्व राणीच्या हयातीत, तिच्या हुकुमाने झाले. वचन देऊन मोडणे हा त्या काळीही दोषच होता.

ज्यूंना तर तेवढाही अवधी मिळाला नाही. 31 मार्च 1492 चा हुकूम सांगतो की जुलैअखेर बाप्तिस्मा घ्यावा किंवा देश सोडावा. मालमत्ता विकण्याची मुभा होती, पण सोने, चांदी आणि नाणी बरोबर नेण्यास बंदी होती. सगळा समाज एकाच वेळी विकायला निघाल्यावर भाव कोण देणार? त्या काळच्या एका इतिवृत्तकाराने, जो ज्यूंचा मित्र मुळीच नव्हता, लिहून ठेवले आहे की लोक एका गाढवाच्या बदल्यात घर आणि थोड्या कापडाच्या बदल्यात द्राक्षमळा देत होते. वेल वाढवून मांडवावर चढवायला किती वर्षे लागतात, हे तासगावच्या बागायतदाराला सांगायला नको.

तुमच्या पत्रात कर्तबगारी एका पारड्यात आणि धर्मांधता दुसऱ्या पारड्यात घातली आहे. मला ती विभागणी पटत नाही. ज्या यंत्रणेने वाटमारी थांबवली, ज्या कायदेपंडितांनी सरदारांची उत्पन्ने परत मिळवली, ज्या शिस्तीने एक हुकूम सर्व प्रांतांत एका दमात लागू होऊ लागला, त्याच यंत्रणेमुळे चार महिन्यांत एक संपूर्ण समाज देशाबाहेर घालवणे शक्य झाले. एन्रिकेसारख्या दुबळ्या राजाला ते जमले नसते. राज्याला एक कायदा हवा तसा एक धर्मही हवा, आणि तो घडवण्याची जबाबदारी देवाने आपल्यावर टाकली आहे, असे ती मनापासून मानत होती. ती ढोंगी नव्हती; पण ज्यांना घर सोडावे लागले त्यांचे नुकसान तिच्या प्रामाणिकपणामुळे तसूभरही कमी झाले नाही.

अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या बाबतीतही हेच दिसते. कोलंबसने गुलाम म्हणून विकायला पाठवलेल्या लोकांना मुक्त करून परत पाठवण्याचा हुकूम तिने 1500 मध्ये दिला, आणि मृत्यूच्या तीनच दिवस आधी मृत्युपत्राला जोडलेल्या पुरवणीत त्यांच्या जिवाला आणि मालमत्तेला धक्का लागू नये असे लिहवून घेतले. परंतु 1503 च्या डिसेंबरात त्याच लोकांकडून सक्तीने काम करून घेण्याची परवानगी देणारा हुकूमही तिच्याच नावाने निघाला. त्यात मजुरी द्यावी असे म्हटले होते. कोलंबसने शोधलेल्या बेटांवर प्रत्यक्षात काय घडले ते सर्वश्रुत आहे.

प्रश्न : गोव्यातील इन्क्विझिशनशी या राणीचा काही संबंध आहे काय? (निवृत्त ग्रंथपाल, सांगली)

उत्तर : थेट संबंध नाही, कारण गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. परंतु घराण्याच्या मार्गाने संबंध आहे, आणि तो तपशिलाने पाहण्यासारखा आहे. धर्म सोडून गेल्याचा संशय असलेल्या ख्रिस्ती लोकांची, मुख्यतः ज्यू कुळातून धर्मांतरित झालेल्यांची, चौकशी करण्यासाठी स्वतःच्या हाताखालचे धर्मन्यायालय, म्हणजेच इन्क्विझिशन, स्थापण्याची परवानगी इसाबेला आणि फर्डिनांड यांनी पोप चौथा सिक्स्टस याच्याकडून 1478 मध्ये मिळवली. 1481 मध्ये सेव्हिल येथे पहिल्या आरोपींना जाळण्यात आले.

स्पेनमधून निघालेले हजारो ज्यू पोर्तुगालमध्ये गेले. तेथील राजा मानुएल याला इसाबेलाच्या थोरल्या मुलीशी लग्न करायचे होते. त्या सोयरिकीपायी त्याने 1496 मध्ये आपल्याही देशातून ज्यूंना घालवण्याचा हुकूम काढला आणि पुढे बहुतेकांना बळजबरीने ख्रिस्ती केले. ती मुलगी बाळंतपणात वारल्यावर मानुएलने तिच्याच बहिणीशी, मारियाशी लग्न केले. मारियाचा मुलगा तिसरा जुआंव, म्हणजे इसाबेलाचा नातू, याच्या राज्यात 1536 मध्ये पोर्तुगालचे इन्क्विझिशन सुरू झाले. 1560 मध्ये ते गोव्यात आले, तेव्हा लिस्बनमध्ये बालराजाच्या वतीने कारभार पाहणारी राणी कातारिना ही इसाबेलाच्या हुआना नावाच्या मुलीची मुलगी होती.

हे सर्व एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र आलेले दिसते. गार्सिया द ओर्ता या वैद्याचे आईवडील 1492 मध्ये स्पेनमधून पोर्तुगालमध्ये गेलेल्या ज्यूंपैकी होते. तो स्वतः 1534 मध्ये गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य म्हणून वावरला, आणि आपल्याकडील औषधी वनस्पती व मसाल्यांवरील त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. तो 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जाळण्यात आले, आणि 1580 मध्ये खुद्द त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. गोव्याचे धर्मन्यायालय 1812 मध्ये कायमचे बंद झाले.

प्रश्न : इसाबेलाला ‘कॅथलिक’ ही पदवी कोणी दिली, आणि चर्चने तिला संत मानले आहे काय? (वाचक, मिरज)

उत्तर : ‘कॅथलिक राजे’ ही पदवी पोप सहावा अलेक्झांडर याने 1496 मध्ये इसाबेला आणि फर्डिनांड या दोघांना मिळून दिली. 26 नोव्हेंबर 1504 रोजी मेदिना देल काम्पो येथे तिचा मृत्यू झाला आणि तिच्या इच्छेप्रमाणे तिला ग्रानाडात पुरण्यात आले. तिला संतपद मिळावे यासाठीची प्रक्रिया वायादोलिद येथे 1958 मध्ये सुरू झाली. 1974 मध्ये ‘ईश्वराची सेविका’ हा पहिल्या पायरीचा दर्जा तिला मिळाला. 1492 ची पाचशे वर्षे जवळ आली तेव्हा ज्यू संघटनांनी आणि चर्चमधील काही जणांनीही तीव्र आक्षेप घेतल्यावर 1991 च्या सुमारास ती प्रक्रिया थांबवण्यात आली. ती पुन्हा पुढे नेण्याची मागणी स्पेनमधून अधूनमधून होत असते, परंतु आजवर चर्चने तिला संत घोषित केलेले नाही.