बासच्या एका खेपेला आठ मासे, पुढच्या दोन खेपांत मिळून एकच. तलाव तोच, आमिष तेच, मग चुकतं कुठे?

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा: वसंतात काठालगत मांडीभर पाण्यात टेक्सस पद्धतीने (गळाचं टोक रबरात दडवून) लावलेल्या रबरी गांडुळावर ८ लार्जमाउथ बास, म्हणजे गोड्या पाण्यातले मोठ्या तोंडाचे शिकारी मासे, लागले, शिवाय तीन-चार मोठे उडी मारून सुटले. पंधरवड्याने त्याच जागी, त्याच गांडुळाला दिवसभरात एकही टोच नाही. त्यानंतरची खेप वादळाच्या दुसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात. तेव्हा सगळीकडे फिरून शेवटी १० मीटर खोलीवर एक लागला, आणि सोडल्यावर तो पोट वर करून तरंगत राहिला. तिन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

रिकाम्या खेपेबद्दल माझं मत ठाम आहे. बहुतेक वेळा आपण मागच्या खेपेचे मासे धरायला जातो. जागा लक्षात राहते, पण त्या दिवशी पाणी किती गरम होतं ते आपण बघितलेलं नसतं, आणि बास जागेपेक्षा तापमानाप्रमाणे वागतो. पाणी १० अंश सेल्सियसच्या खाली असेल तर तो खोलात जवळजवळ सुस्त पडून असतो. १० ते १५ च्या दरम्यान उथळाकडे सरकू लागतो आणि भरपूर खातो. साधारण १६ ते २० अंशांना विणीचा काळ. नर शेपटीने तळ झाडून वाटोळा खळगा करतो. तळ रेतीचा, खडीचा किंवा मुळांचा हवा, गाळाचा चालत नाही, आणि जागा लाटांपासून आडोशाची लागते. मादी अंडी घालून निघून जाते. नर मात्र अंडी आणि पिल्लं राखत तिथेच थांबतो, आणि घरट्याजवळ आलेल्या कशावरही तुटून पडतो, भूक असो वा नसो. तुमचे ८ मासे मांडीभर पाण्यात लागले ते बहुधा याच दिवसांत.

एक कळकळीने सांगतो: घरट्यावरचा नर दिसत असेल तर त्याला सोडा. तो पाण्याबाहेर असतो तेवढ्या वेळात आसपासचे ब्लूगिलसारखे छोटे मासे येऊन अंडी फस्त करतात, आणि मासा परत सोडला तरी ती अंडी परत येत नाहीत.

पंधरवड्याने काय झालं? मादी थकून मागे फिरली, नरांचंही काम संपत आलं. पण हे मासे फार लांब जात नाहीत. उथळ खाडीकोपऱ्यातून बाहेर पडताना तळाचा उतार जिथे पहिल्यांदा झपकन खाली जातो, तिथे ते थांबतात. २ ते ४ मीटर पाणी, पाणवनस्पतींच्या पट्ट्याची बाहेरची कड, बुडालेलं झाड, पाण्यात शिरलेली जमिनीची सोंड. म्हणजे तुम्ही उभे होता तिथून पाठ फिरवून उलट दिशेला गळ टाकला असता तर त्यांच्या जवळ पोचला असता. या दिवसांत मासे आळसावलेले असतात, पळत्या आमिषामागे जात नाहीत. गांडूळ तळावर पडू द्यायचं, दहा सेकंद मोजायचं, रॉडच्या टोकाने हातभर सरकवायचं, पुन्हा थांबायचं.

साधा थर्मामीटर दोरीला बांधून अर्धा मीटर खाली मिनिटभर धरा. दुपारी वरचा वीतभर थर उन्हाने तापलेला असतो, त्याचा आकडा फसवतो. वहीत तीनच गोष्टी लिहा: तापमान, मासा लागला ती खोली, पाणी गढूळ की स्वच्छ. जागेचं नाव लिहायचं असेल तर शेवटी लिहा.

पुढे उन्हाळ्यात आणखी एक अडचण येईल, ती आत्ताच सांगतो. खोल तलावात वर गरम, खाली गार असे थर पडतात, आणि मधल्या थराखाली बऱ्याच तलावांत प्राणवायू इतका कमी होतो की तिथे बास टिकत नाही. 'ऊन आहे, मासे खोल गेले असतील' म्हणून ९-१० मीटरवर दिवस घालवणारे बरेच जण रिकाम्या पाण्यात गळ टाकत असतात. फिशफाइंडरची (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राची) संवेदनशीलता वाढवली की हा थर पडद्यावर आडवी, अस्पष्ट पट्टी म्हणून दिसतो. त्या पट्टीच्या वर आणि एखाद्या आडोशाला लागून शोधायचं.

आता वादळानंतरचा दिवस. हवेचा दाब बदलला म्हणून मासे खात नाहीत, हे कारण सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही, आणि त्यामागे साधं गणित आहे. १ हेक्टोपास्कल दाब म्हणजे साधारण १ सेंटिमीटर पाणी. वादळ येऊन गेल्यावर दाब २० हेक्टोपास्कलने बदलला, तरी मासा वीतभर वर-खाली झाला की तेवढाच फरक त्याला जाणवतो, आणि तो दिवसातून कितीतरी वेळा मीटर-मीटर वर-खाली होत असतो. खरा फरक पडतो तो उजेडाचा, वाऱ्याचा आणि उथळ पाणी एका रात्रीत गार झाल्याचा. आभाळ निवळतं, वारा पडतो, पाण्यात लांबवर दिसू लागतं. मग बास आडोशाच्या आत शिरून बसतो आणि आमिष नाकासमोर आल्याशिवाय हलत नाही. आदल्या दिवशी जो मासा दोन मीटर धावून आला असता, तो आज दोन वीतही येत नाही.

अशा दिवशी मी आमिष लहान आणि दोर बारीक करतो: १८ सेंटिमीटरच्या गांडुळाऐवजी १० चं, ३ किलो ताकदीचा फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारा दोर), आणि ड्रॉपशॉट जोडणी. यात शिसं दोराच्या अगदी टोकाला आणि गळ त्याच्या ३० ते ४५ सेंटिमीटर वर असतो. गळ पालोमार गाठीने (दोर दुमडून मारायची गाठ) बांधायचा, गाठीतून उरलेलं टोक लांब ठेवून वरून पुन्हा गळाच्या डोळ्यातून खाली ओवायचं, म्हणजे गळ दोरापासून आडवा आणि टोक वर करून राहतो. शिसं तळाला टेकलं की दोर सैल-ताठ करत गांडूळ जागच्या जागी थरथरवायचं. शिसं हलता कामा नये. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: ते हलवतात जास्त, आणि गांडूळ आडोशापासून दूर निघून जातं.

वारा असेल तर सोयीचा निवांत काठ सोडा. ज्या काठावर वारा आदळतो तिकडे जा, निदान हलक्या-मध्यम वाऱ्यात. खाद्य तिकडे लोटलं जातं आणि लाटांमुळे मासा बेसावध राहतो. गढूळ पाण्यात काळं किंवा गडद निळं, जाडसर, पाणी हलवणारं आमिष. स्वच्छ पाण्यात अर्धपारदर्शक, फिकट. रंगांबद्दल एवढं पुरे. रंग बदलण्यात जितका वेळ जातो तितका खोली बदलण्यात घालवला तर जास्त मासे लागतील. माझा क्रम असा: २० मिनिटं दीड मीटर पाण्यात, २० मिनिटं तीन मीटरमध्ये, २० मिनिटं पाच मीटरमध्ये. शोधण्यासाठी क्रँकबेट (ओढलं की डुबकी मारत पोहणारं, माशाच्या आकाराचं कडक आमिष) वापरावं, कारण ते भरभर पाणी पिंजून काढतं. मात्र ते तळाला किंवा लाकडाला ठोकर खाईल इतकं खोल जाणारं हवं. ठोकर खाऊन ते तिरकं उडतं, त्याच क्षणी बास बहुतेक वेळा झडप घालतो. मध्यावर मोकळं पोहणाऱ्या क्रँकबेटला त्याच्या निम्मेही लागत नाहीत. एक मासा लागला की थांबून तिथे गांडूळ टाकायचं.

सुटलेल्या माशांचं कारण जवळजवळ नेहमी हातात असतं. तुम्ही गांडूळ टेक्सस पद्धतीने लावता, तर आधी ती जोडणी तपासा.

१८ सेंटिमीटर गांडुळाला ३/० मापाचा वाकड्या मानेचा गळ. गोळीच्या आकाराचं शिसं, निमुळतं टोक रॉडकडे करून, दोरात आधी ओवायचं. तीन मीटरपर्यंत ५ ते ७ ग्रॅम, त्याहून खोल किंवा वाऱ्यात १० ग्रॅम. मग गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात मधोमध अर्धा सेंटिमीटर खुपसून बाजूने बाहेर काढायचं, गळ मानेपर्यंत ओढून अर्धा वळसा फिरवायचा. आता गांडूळ सरळ लोंबू द्या आणि गळाची वाक अंगाला कुठे येते ते डोळ्याने मापा. बरोबर तिथूनच टोक आरपार काढायचं आणि वरच्या कातडीत तांदळाच्या दाण्याएवढं परत दडवायचं. गांडुळाला कुबड आलं तर ते पाण्यात गरगर फिरतं, दोराला पीळ पडतो आणि चार-पाच फेकींत रीलवर गुंता होतो. टोक फार खोल दडवलं तर हिसका मारल्यावर गळ रबरातच अडकून राहतो, आणि मासा नुसता गांडूळ धरून येतो, उडी मारतो, तोंड उघडतो, मोकळा होतो. तुमच्या वर्णनावरून मला हीच शंका पहिली येते.

दुसरी शंका टोकाच्या धारेवर. अंगठ्याच्या नखावर गळाचं टोक हलकेच, वजन न देता ओढा. रुतून थांबलं तर ठीक. पांढरी रेघ मारत घसरलं तर टोक बोथट झालंय. दगडावर दोन-चार वेळा आपटलं की एवढं पुरतं. एक तर कानशीने घासा, नाहीतर गळ बदला.

तिसरी, दोर. तंगूस ताणतो, म्हणून पंचवीस-तीस मीटरवरून मारलेला हिसका वाटेतच जिरतो आणि जाड टाळूत गळ शिरत नाही. लांब फेक करणार असाल तर वेणीचा दोर चांगला, पण स्वच्छ पाण्यात पुढे दीड-दोन मीटर फ्लुरोकार्बन जोडा. दर तासाला, आणि मासा लागल्यावर प्रत्येक वेळी, गळाजवळचा अर्धा मीटर दोर दोन बोटांच्या नखांमधून ओढून पाहा. कुठे खरखर लागली तर तेवढा कापून नवी गाठ मारा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने दोर तिथेच कमजोर होतो.

हिसका कधी मारायचा? गांडुळावर टोच म्हणजे रॉडमधून बोटाला येणारी एक 'टक्'. कधी तेही नसतं, दोर आडवा चालू लागतो किंवा शिशाचं वजन अचानक नाहीसं होतं. रॉड खाली करा, सैल दोर गुंडाळा, मग एकदाच खणखणीत वर. सैल दोरावर मारलेला हिसका हवेत जातो. क्रँकबेटसारख्या तिहेरी गळांना मात्र हिसका मारूच नका, रॉड बाजूला सरकवत वजन घ्या. तिहेरी गळ बारीक तारेचे असतात, जोराने मारल्यास ओठ फाटून निघतात. पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाला खळबळ दिसली तरी वजन जाणवेपर्यंत थांबायचं, याची सवय व्हायला वेळ लागतो.

ड्रॅग (ठरावीक ताण आला की दोर सोडणारा रीलचा ब्रेक) दोराच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर ठेवा. ५ किलोच्या दोराला सव्वा किलो. हाताच्या अंदाजावर न जाता तराजूचा आकडा दोराला बांधून ओढून पाहा. दोर वर चढू लागला की मासा उडी मारणार, हे ओळखा. रॉडचं टोक पाण्याजवळ न्या, एका बाजूला ओढा, गुंडाळत राहा. रॉड उभा धरलात तर तुम्हीच त्याला वर उचलताय.

ढग गडगडला की कार्बनचा रॉड खाली ठेवून पाण्याबाहेर या, तो वीज वाहून नेतो. यावर चर्चा नको.

शेवटी तो तरंगत राहिलेला मासा. बासच्या हवेच्या पिशवीला तोंडाकडे उघडणारी वाट नसते, आतला वायू हळूहळू रक्तात शोषला जाऊनच कमी होतो. १० मीटरवर बाहेरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे वर आणेपर्यंत पिशवीतला वायू जवळजवळ दुपटीने फुगतो. मासा खाली जायला धडपडतो आणि बुचासारखा वर येतो. सुई टोचून वायू काढायची पद्धत आहे, पण शिकलेल्या माणसाकडून हातात हात धरून शिकल्याशिवाय करू नका. चुकीच्या जागी टोचली तर आतडं किंवा मूत्रपिंड जातं. सोडायचाच असेल तर वजन लावलेल्या, तोंडाला धरणाऱ्या चिमट्याने त्याला खोलवर नेऊन तिथे मोकळा करता येतो.

उथळातला मासा सोडताना हात ओले करा, खालच्या जबड्याला धरून उभाच धरा, मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली. जबडा धरून आडवा केला की सगळं वजन सांध्यावर येतं. फोटोसाठी तो बाहेर असेल तेवढा वेळ तुम्हीही श्वास रोखून धरा, मग किती वेळ होतोय ते कळतं. गळ घशात गेला असेल आणि दिसत नसेल, तर ओढाओढ न करता दोर गळाजवळ कापा.

सोडण्याआधी त्या तलावाचा नियम मात्र माहीत हवा. बास मूळचा उत्तर अमेरिकेचा, बाकी ठिकाणी तो आणून सोडलेला आहे आणि स्थानिक माशांना खातो. जपानच्या बिवा सरोवरात पकडलेला बास परत सोडायला २००३ पासून बंदी आहे. त्याच सरोवरात २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी १०.१२ किलोचा लार्जमाउथ धरला आणि जॉर्ज पेरी यांच्या १९३२ मधल्या १०.०९ किलोच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. एवढ्याशा फरकाने विक्रम मोडला असं नियमात धरत नाहीत.

म्हणून खोलातला पहिलाच मासा फुगून वर आला, आणि ठेवून घ्यायला परवानगी नसेल किंवा तुम्हाला खायचा नसेल, तर त्या खोलीवर दुसरा गळ टाकू नका. ६ मीटरच्या आतला आडोसा शोधा, आणि तिथे ड्रॉपशॉट जागच्या जागी थरथरवत बसा.