परिसरातील पशुपक्षी आणि निसर्ग यांच्याभोवती सर्वांना सहभागी होता येईल असा मैदानी उपक्रम कसा घ्यावा?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. वस्तीतील लहानथोर सर्वांना घराबाहेर काढून आसपासच्या वन्यजीवांशी त्यांची ओळख करून देणारा उपक्रम कोणता घ्यावा, ही पहिली. आणि मागील वेळी भाषणे व चित्रकला स्पर्धा ठेवूनही तासाभरात माणसे पांगली, तसे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, ही दुसरी. दुसरीचे उत्तर आधी देतो, कारण पहिलीचे उत्तर बरेचसे तिच्यातच आहे.

माणसे पांगली याचे कारण त्यांच्या हाताला आणि डोळ्यांना काही काम नव्हते. निसर्गाविषयीचे व्याख्यान ऐकायला लोक फार तर एकदा येतात. पण काही शोधायचे आहे, मोजायचे आहे आणि सापडलेले शेजाऱ्याला दाखवायचे आहे म्हटल्यावर तीच माणसे वेळेआधी हजर होतात. अशा उपक्रमांत स्वयंसेवक म्हणून वावरताना माझे मत पक्के होत गेले आहे की मोजणी आणि नोंद हाच या उत्सवाचा गाभा असावा, आणि व्यासपीठ, हारतुरे व ध्वनिक्षेपक यांना त्यातून सरळ रजा द्यावी. ध्वनिक्षेपकाला माझा विरोध तत्त्वाचा नाही, व्यवहाराचा आहे. ज्यांना पाहायला आपण जमलो ते त्या आवाजाने आधीच निघून गेलेले असतात.

या कल्पनेचा एक जुना दाखला सांगण्याजोगा आहे. उत्तर अमेरिकेत नाताळच्या दिवशी गट पाडून शिकारीला जायचे, दिसेल तो पक्षी व प्राणी टिपायचा आणि ज्या गटाचा ढीग मोठा तो विजयी ठरवायचा, असा एक खेळ रूढ होता. पक्षितज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी १९०० सालच्या नाताळात पक्षी मारण्याऐवजी मोजण्याचे आवाहन केले आणि पहिल्या वर्षी २७ जणांनी २५ ठिकाणी मोजणी केली. ती गणना आजही दरवर्षी होते व पक्ष्यांच्या संख्येतील दीर्घकालीन बदल समजून घेण्यासाठी संशोधक तिचा आधार घेतात. चॅपमन यांनी चढाओढ, सोबत्यांबरोबरची भटकंती, संध्याकाळी आकडे जुळवण्याची गंमत यांतले काहीच काढून घेतले नाही. काढून घेतली ती फक्त बंदूक. आपला उपक्रम आखताना हे ध्यानात ठेवले तर चढाओढ असावी की नसावी, हा प्रश्न पडत नाही. जरूर असावी, फक्त ती एका गटाने किती निरनिराळ्या जाती पाहिल्या याची असावी.

आज यासाठी तयार आराखडे उपलब्ध आहेत. सर्वांत सोपा म्हणजे दर फेब्रुवारीत चार दिवस चालणारी ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षिगणना. १९९८ मध्ये सुरू झालेली आणि २०१३ पासून जगभर खुली असलेली ही गणना एका जागी किमान पंधरा मिनिटे पक्षी मोजण्याएवढीच अपेक्षा ठेवते, त्यामुळे ज्येष्ठ नागरिकांना बाकावर बसूनही तीत भाग घेता येतो. दुसरा प्रकार ‘बायोब्लिट्झ’चा: ठरलेल्या जागेत, बहुधा चोवीस तासांत, वनस्पतींपासून कोळ्यांपर्यंत जेवढ्या जाती सापडतील तेवढ्या नोंदवायच्या. या नावाने पहिला उपक्रम १९९६ मध्ये वॉशिंग्टन शहरातील एका उद्यानात झाला. हा प्रकार आकर्षक असला तरी निरनिराळ्या जीवगटांचे जाणकार हाताशी नसतील तर पहिल्याच वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये, असे मी सुचवेन. सर्व काही शोधा म्हटले की नवखा माणूस काहीच शोधत नाही. पानाखालचे कोळी शोधा म्हटले की तो गुडघ्यांवर बसतो.

मला विचाराल तर सुरुवात पतंगांपासून करावी, म्हणजे दिव्याभोवती येणाऱ्या रात्रीच्या पतंगांपासून. फुलपाखरांच्या सुमारे साडेसतरा हजार जाती ज्ञात आहेत, तर पतंगांच्या सुमारे एक लाख साठ हजार. म्हणजे अगदी साध्या बागेतही पाहण्यासारखे काही मिळणारच. शिवाय पक्ष्यामागे आपल्याला जावे लागते, पतंग मात्र आपल्याकडे येतात, आणि त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती आणि चार वर्षांचे मूल यांना सारख्याच जवळून पाहता येते. दोन खांबांमध्ये पांढरी सुती चादर ताणून बांधावी, तिची खालची कड पुढे जमिनीवर पसरू द्यावी आणि समोर अतिनील किरण देणारा दिवा लावावा. नेहमीच्या पांढऱ्या एलईडी दिव्यात ते किरण जवळजवळ नसतात, म्हणून त्यावर गर्दी कमी होते. पाऱ्याच्या वाफेचा दिवा उत्तम, पण तो इतका तापतो की पावसाचा थेंब पडताच काच फुटू शकते, तेव्हा वर आडोसा हवा आणि दिव्याकडे कोणी टक लावून पाहू नये. रात्र उबदार, दमट, वारा नसलेली आणि शक्यतो अमावास्येच्या जवळची निवडावी.

पहिला अर्धा तास बहुधा चिलटे आणि लहान भुंगेरे यांचाच असतो आणि मुले कंटाळू लागतात. मग एखादा हॉक मॉथ, म्हणजे जाड अंगाचा मोठा पतंग, चादरीवर येऊन आदळतो. थोड्या वेळाने त्याला पुन्हा उडायचे असते तेव्हा तो आधी जागीच पंख थरथरवू लागतो. उडण्यासाठी लागणारे छातीचे स्नायू तापवण्याची ती त्याची रीत आहे. हे हातभर अंतरावरून पाहणाऱ्या माणसाला निसर्ग का जपावा हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पतंग दिव्याकडे का येतात, हा प्रश्न हमखास विचारला जातो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांच्या साहाय्याने असे दिसले की उडणारे कीटक आपली पाठ प्रकाशाकडे वळवतात. मोकळ्या आकाशाखाली या सवयीने त्यांचा तोल राहतो, दिव्याजवळ मात्र त्याच सवयीमुळे ते घिरट्या घालत अडकून पडतात. हे सांगितल्यावर दिवा रात्रभर का जळत ठेवायचा नाही, तेही आपोआप पटते. दोन-तीन तासांनी दिवा बंद करावा आणि चादरीवर उरलेले पतंग झुडपांवर हलकेच झटकावेत, नाहीतर पहाटे पक्ष्यांना आयती मेजवानी मिळते. चादर गुंडाळण्यापूर्वी जमिनीवरची कड टॉर्चने नीट पाहावी, कारण सर्वाधिक पतंग पायांखाली तेथेच चिरडले जातात.

दिवसाची फेरी ठेवायची असेल तर एका जाणकारामागे बारा ते पंधरांहून अधिक माणसे नसावीत. मागच्यांना पक्षी दिसत नाही आणि नाव ऐकू येत नाही, मग त्यांच्या गप्पा सुरू होतात. सर्वांत मागे एक स्वयंसेवक चालावा. दुर्बीण घेताना मोठ्या आकड्याच्या मोहात पडू नये. ८×४२, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि पुढील भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असलेली, नवख्याच्या हातात स्थिर राहते.

काही गोष्टी मात्र ठामपणे नाकाराव्यात. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यांना बाहेर बोलावणे, घरट्याजवळ छायाचित्रासाठी गर्दी करणे, साप किंवा बेडूक हातोहात फिरवणे, तळ्यात मासे सोडणे. शेवटची गोष्ट पुण्यकर्म समजून केली जाते, परंतु डास खातो म्हणून जगभर सोडलेल्या गॅम्बुशिया माशाने अनेक ठिकाणी स्थानिक मासे व बेडूक यांचे नुकसान केले आहे. वृक्षारोपणाविषयीही जरा जपून असावे. मूळचे गवताळ मैदान असेल तर तेथे झाडे लावणे म्हणजे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना हुसकावणे होय, आणि उत्सवाच्या दिवशी नेमके तेच घडताना मी पाहिले आहे.

नोंदींसाठी ‘आयनॅचरॅलिस्ट’ किंवा पक्ष्यांकरिता ‘ईबर्ड’ ही निसर्गनोंदींची संकेतस्थळे वापरावीत. आयनॅचरॅलिस्टवर छायाचित्र किंवा आवाज, दिनांक आणि स्थळ असलेल्या नोंदीला, जात ओळखणाऱ्या सदस्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांची मते जुळली की, संशोधनायोग्य दर्जा मिळतो. लावलेली बागेतील झाडे आणि पाळीव प्राणी यांवर तशी खूण न केल्यास यादी फुगते व दुसऱ्यांचा वेळ जातो, हे सहभागींना आधीच सांगावे. संकटग्रस्त जातींचे नेमके स्थळ हे संकेतस्थळ बहुधा आपोआप झाकते, पण घरट्याचे किंवा बिळाचे स्थळ आपणच गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकले तर त्या व्यवस्थेचा काही उपयोग नाही. जातींच्या यादीबरोबर किती जण, किती वेळ आणि कोणत्या हवामानात फिरले हेही लिहून ठेवावे, आणि पुढील वर्षी शक्यतो त्याच आठवड्यात, त्याच वाटेने, तेवढाच वेळ फिरावे. तसे नसेल तर यादी लहान झाली ती जीव कमी झाल्यामुळे की पाहणारे कमी आल्यामुळे, हे कोणालाही सांगता येणार नाही.