बोट ठेवलं की भलतंच उघडतं

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. नोकरी हिशेबनीसाची, आजही मोठमोठ्या बेरजा तोंडी करतात. स्मार्टफोनशी मात्र त्यांचं जमत नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज कसा पाठवायचा हे दर आठवड्याला नव्यानं सांगावं लागतं. बोट ठेवलं की भलतंच उघडतं, नाहीतर समोरचं गायब होतं. मग ते म्हणतात, "मला नाही जमायचं हे," आणि माझाही आवाज चढतो. त्यांची स्मरणशक्ती कमी होतेय का? – एक कन्या

उत्तर : तोंडी बेरजा करणाऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीवर एवढ्यात संशय घेऊ नका. आधी त्यांच्या शेजारी बसा आणि काही न बोलता त्यांचं बोट बघा. माझ्या वर्गात येणारी बहुतेक ज्येष्ठ मंडळी स्क्रीन दाबतात. चांगला जोर लावून, क्षणभर थांबून. बटणांच्या यंत्रांवर आयुष्य गेलं, तिथे तसंच दाबावं लागायचं. पण या स्क्रीनला जोर कळत नाही. बोट टेकलंय का आणि किती वेळ टेकलंय, एवढंच तिला समजतं. साधारण अर्धा सेकंद बोट राहिलं की फोन समजतो, यांना दुसरंच काही हवंय. मग आगंतुक मेनू उघडतो, ॲप जागचं हलतं.

त्यात वयानं त्वचा कोरडी होते. स्क्रीन चालते ती बोटामुळे विद्युतभारात होणाऱ्या सूक्ष्म फरकावर, आणि कोरडं बोट तिला कधी कधी जाणवतच नाही. काही होईना म्हटल्यावर माणूस आणखी जोरात, आणखी वेळ दाबतो. म्हणजे पुन्हा तेच. हाताला जरासं क्रीम लावून, ते जिरल्यावर, बोटाच्या टोकाऐवजी मऊ भागानं नुसतं टेकवून उचलायला सांगा. 

फोनलाही थोडं समजावता येतं. अँड्रॉइडच्या ॲक्सेसिबिलिटी (वापर सोपा करणाऱ्या) सेटिंगमध्ये 'टच अँड होल्ड डिले' असतं, म्हणजे बोट किती वेळ टेकलं की 'दाबून धरलं' समजायचं ते. ते 'लाँग' करा. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीतल्या 'टच'खाली तेच काम करणारं 'हॅप्टिक टच' आहे, ते 'स्लो' करा. हात थरथरत असेल तर तिथेच 'टच अकोमोडेशन्स' बघा. प्रत्येक कंपनी या गोष्टी वेगळ्या कोपऱ्यात ठेवते, म्हणून सेटिंग्जमधल्या शोधाच्या चौकटीत नाव टाकलेलं बरं. अक्षरं मोठी करायचं सांगायला नकोच.

समोरचं गायब होतं, त्याचं कारण बहुधा कडेला लागलेला अंगठा. २०१७च्या आयफोन टेननं होमचं बटण काढलं, २०१९च्या अँड्रॉइड १०मध्येही कडेवरून बोट सरकवून मागे जायची सोय आली. दिसायला छान, पण जे डोळ्यांना दिसत नाही ते शिकणाऱ्यानं शोधायचं कुठे? अँड्रॉइड असेल तर नेव्हिगेशनच्या सेटिंगमधून खालची तीन बटणं परत आणा. मागे जायचं बटण सतत समोर असलं की निम्मी भीती जाते.

आता मेसेजचं. व्हॉट्सॲपवर चौकट रिकामी असते तेव्हा उजवीकडच्या कोपऱ्यात माइक असतो. एक अक्षर लिहिलं की त्याच जागी बाण येतो. बाणाला नुसतं टेकवायचं, आवाज पाठवायचा तर माइक दाबून धरायचा. धरलेलं बोट डावीकडे घसरलं तर बोललेलं सगळं रद्द! जागा तीच, नियम उलटे. तुम्ही "ते उजवीकडचं दाबा ना" म्हणता तेव्हा दोन्हींपैकी कोणतं? वडील विसरत नाहीयेत, त्यांना अर्धवट सांगितलं गेलंय. आधी फक्त बाण शिकवा. तो हातात बसला की मग माइक.

आणि फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. "थांबा, मी दाखवते" म्हणून पटापट चार बोटं फिरवली की काम होतं, शिकणं होत नाही. (नातवंडं या बाबतीत सगळ्यात वाईट शिक्षक. हुशार असतात, पण त्यांचं बोट दिसतच नाही.) बोट त्यांचं, तोंड तुमचं. प्रत्येक पायरी त्यांनाच वहीत उतरवू द्या, त्यांच्या शब्दांत. हिशेबनीस माणूस, वही नीटच ठेवतील. 'सेंड'ला ते 'कोपऱ्यातला बाण' म्हणत असतील तर तुम्हीही तेच म्हणा. पुढच्या वेळी विचारलं की उत्तर देऊ नका, पान उघडायला सांगा. ॲप अपडेट होऊन चित्र बदललं तर त्यांना तसं सांगा, नाहीतर स्वतःचंच चुकलं असं समजून ते पुन्हा वही मिटतील.

प्रश्न : मी ६९ वर्षांचा. मुलगा सारखा बजावतो, "कुठेही हात लावू नका, पैसे जातील." त्यामुळे मी फोन फक्त उचलतो आणि ठेवतो. खरंच एवढं धोक्याचं आहे? – सावध वाचक

उत्तर : फोटो बघा, गाणी लावा, घड्याळाचा गजर बदला, टॉर्च लावा. यानं पैसे जात नाहीत. आलेल्या अनोळखी लिंक मात्र उघडू नका. आणि पलीकडून कुणी घाई करत असेल तर सगळ्यात सावध राहा. ओटीपी सांगा, पिन टाका, अमुक ॲप घ्या म्हणजे मला तुमची स्क्रीन दिसेल, असं फोनवर कुणीही म्हणालं तरी बोलणं तिथेच तोडायचं. उद्धट वाटलं तरी चालेल. बँकेचंच काम आहे अशी शंका राहिली, तर कार्डाच्या मागे छापलेला नंबर स्वतः फिरवा. आलेल्या नंबरवर उलट फोन करू नका. हे मुलालाही वाचून दाखवा.