वाचक विचारतात: ब्रह्मदेशात सगळं सामान शेवटी का पोचायचं?

प्रश्न: माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इंफाळच्या बाजूला. ते म्हणायचे आमच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं. हे खरं की नुसतं रडगाणं? आणि माल तर मुंबईच्या गोदीतूनच जायचा ना?
– एक वाचक, परळ

उत्तर: रडगाणं कसलं, शंभर टक्के खरं आहे. चर्चिल-रूझवेल्टचं ठरलंच होतं की आधी हिटलर, जपानचं मागाहून बघू, आणि जपानविरुद्धही अमेरिकेचा जोर पॅसिफिकवर, म्हणजे ब्रह्मदेश-इंफाळ आघाडीवर लढणाऱ्या जनरल स्लिमच्या चौदाव्या आर्मीचा नंबर पार तळाला. १९४३ च्या डिसेंबरात अंदमानवर उतरायचा प्लॅनसुद्धा बारगळला, कारण लँडिंग क्राफ्ट, म्हणजे सैन्य किनाऱ्यावर उतरवायच्या होड्या, युरोपला हवी होती.

सगळ्यात भारी गोष्ट पॅराशूटची. जंगलात माल विमानातून टाकायचा तर पॅराशूट हवीत, ती मिळेनात, मग स्लिमच्या माणसांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्या गाठल्या आणि कापडापासून दोरीपर्यंत सगळं तागाचं असं 'पॅराजूट' बनवून घेतलं. खर्च एक पौंडाच्या थोडा वर, नेहमीच्याला वीसच्या वर! विण अशी निवडली की हवा कापडातूनच जाते, वर भोक ठेवायची गरजच नाही. माणसांनी मात्र उडी मारायची नाही हं, फक्त मालासाठी.

अर्थात पॅराशूट असली म्हणून माल मिळेलच असं नाही. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाक गावी मराठा बटालियन घेरली गेली तेव्हा वरून टाकलेला बराचसा माल जपान्यांच्या हद्दीत पडला.

मुंबईचं म्हणाल तर हो, इथूनही जायचा, पण इथे उतरलेला माल अख्खा देश ओलांडून आसामला न्यायचा, मध्ये ब्रॉडगेजवरून मीटरगेजवर बदली, ब्रह्मपुत्रेवर पूल नाही, डबे फेरीबोटीतून पलीकडे. त्यात १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे जहाज उडालं, पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि सोबत कापसाच्या गाठी, ही अक्कल कोणाची देव जाणे. तेव्हा इंफाळला वेढा पडलेला होता.

घरात पणजोबांचा फोटो असेल तर रायफल नीट बघा. नळी टोकाशी लाकडावरच्या टोपीच्या जवळपास बरोबरीत संपत असेल तर ती ली-एनफील्ड रायफलची जुनी जात, नंबर १ मार्क ३, बंगालच्या इशापूर फॅक्टरीत युद्धभर तीच बनत होती. नळी बोटभर बाहेर आली असेल तर नवी नंबर ४, ती बाहेरून आलेली.