वाचक विचारतात : सहाशे वर्षांपूर्वीची चाल आणि आजची गिटार

प्रश्न : इंग्लिश लोकगिटारवादक जॉन रेनबोर्न यांचा ‘द लेडी अँड द युनिकॉर्न’ (१९७०) हा अल्बम नुकताच ऐकला. त्यात मध्ययुगीन संगीत आहे म्हणतात. खरंच जुनं किती आणि त्यांच्या पदरचं किती?

जुनी आहे ती चाल. अल्बममधले ‘लामेंतो दी त्रिस्तानो’, ‘ला रोत्ता’ असे तुकडे ब्रिटिश लायब्ररीतल्या एका इटालियन हस्तलिखितातून (क्रमांक अ‍ॅडिशनल २९९८७) आले आहेत. हस्तलिखित साधारण इ.स. १४०० च्या आसपासचं. त्यातल्या १५ चाली गाण्यासाठी नव्हे तर निव्वळ वाजवण्यासाठीच्या आहेत आणि त्यातली प्रत्येक चाल एकेरी ओळीत लिहिलेली. वाद्य कोणतं, लय किती, खाली साथ काय, यावर अवाक्षर नाही. भातखंड्यांच्या पुस्तकातल्या बंदिशीच्या नोटेशनसारखंच हे: सांगाडा मिळतो, गाणं वाजवणाऱ्यानं उभं करायचं.

त्यामुळे खर्जातली साथ, बासरी, व्हायोलिन हे सगळं रेनबोर्न मंडळींचं. अल्बममध्ये कॉन्सर्टिनाही (भात्याची छोटी हातपेटी) ऐकू येते, आणि ती तर एकोणिसाव्या शतकातली! स्टीलच्या तारांची गिटारही त्या काळी नव्हती. म्हणून हा अल्बम ‘अस्सल मध्ययुगीन’ म्हणून ऐकू नये. जुन्या चालींवर केलेलं नवं काम म्हणून ऐकावा. तसा तो फार चांगला आहे.

घरी वाजवताना एक चूक हमखास होते. या चालींचा प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा असतो. पहिल्या खेपेला शेवट अधांतरी सोडायचा, दुसऱ्या खेपेला तो पुरा मिटवायचा. एकदाच वाजवून पुढे गेलात तर चाल समेवर न येताच संपल्यासारखी वाटते.

प्रश्न : अशा चालींसाठी गिटार डी-ए-डी-जी-ए-डी लावतात असं वाचलं. मी लावली, पण तारा खरखरतात आणि पाच मिनिटांत सूर सरकतो.

हे ट्युनिंग ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी मोरोक्कोत तिथल्या वादकांबरोबर वाजवल्यानंतर, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलं. आपल्या कानाला ते परकं नाही. डीला सा मानलं की तारा जाडीकडून बारकीकडे सा-प-सा-म-प-सा अशा लागतात. म्हणजे निम्मा तानपुराच.

पाचवी, चौथी, तिसरी तार जागेवरच ठेवा. सहावी (सर्वांत जाड), दुसरी आणि पहिली (सर्वांत बारीक) अशा तिन्ही तारा एकेक पूर्ण स्वर उतरवा. मेळ असा घ्या: सहाव्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा (पडद्यावरचा) हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर, मोकळ्या चौथीशी, पाचवीचा मोकळ्या दुसरीशी, चौथीचा मोकळ्या पहिलीशी. तार हव्या त्या सुराच्या थोडी खाली न्यायची आणि मग वर चढवत लावायची. वरून खाली येत थांबलात तर खुंटीचा ढिलेपणा मागे राहतो आणि पुढच्याच जोरकस फटक्याला सूर उतरतो. तार चढवताना ‘टिक्’ असा आवाज आला तर ती नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकते आहे. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा.

खरखरीचं कारण ताण. ०.०१२ इंची तार ईवरून डीवर आणली की ताण सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होतो, मानेचा बाक घटतो आणि तार फ्रेटला लागते. हेच ट्युनिंग कायम ठेवणार असाल तर पहिली तार ०.०१३ ची असलेला सेट घाला. डीवर तिचा ताण जवळपास आधीच्या ईइतका होतो. ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या, बाक कमीजास्त करणाऱ्या दांडीला) हात लावायचाच असेल तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको, आणि पुन्हा फिरवण्याआधी एक दिवस जाऊ द्या.

जाता जाता: पहिल्या तारेवर ०-२-३-५-७-९-१०-१२ या फ्रेटांवर काफी थाट मिळतो. युरोपात याच स्वरसमूहाला डोरियन म्हणतात. रेनबोर्न यांच्या वरच्या अल्बममधलं ‘स्कार्बरो फेअर’ त्यात बसतं, म्हणून पेटीवर काफी वाजवणाऱ्याला ते पटकन उमगतं.

प्रश्न : जुने इंग्लिश संगीतकार जॉन डाउलंड यांच्या ल्यूटच्या (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) टॅब्लेचरवरून, म्हणजे कोणती तार कुठे दाबायची ते दाखवणाऱ्या लिपीवरून, थेट गिटार वाजवता येईल का?

येईल, तिसरी तार अर्धा स्वर उतरवून एफ शार्प केलीत तर. चौथ्या तारेच्या चौथ्या फ्रेटशी मेळ घ्या. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चाप) लावला की उंचीही जी-ल्यूटची, म्हणजे पहिली तार जीला लावलेल्या ल्यूटची, मिळते, मात्र फ्रेट कॅपोपासून मोजायचे. इंग्लिश टॅब्लेचरमध्ये वरची रेघ म्हणजे सर्वांत बारीक तार. ‘ए’ मोकळी, ‘बी’ पहिला फ्रेट, असं पुढे. ‘आय’नंतर थेट ‘के’ येतो, मध्ये ‘जे’ नाही. इटालियन पद्धतीत आकडे असतात आणि रेघा उलट, वरची रेघ सर्वांत जाड तारेची. वर काढलेली मात्रेची खूण नवी खूण येईपर्यंत लागू राहते. नवशिक्यांची लय नेमकी इथेच कोलमडते.

खालच्या रेघेखाली ‘ए’ दिसला तर तो ल्यूटच्या सातव्या तारेचा. ती तार एफला लावलेली असेल तर गिटारवर मोकळी चौथी छेडा. सप्तक वरचं असेल, पण स्वर तोच.